अंथरुणाला खिळलं की जखमा होणारच?

‘वय झालंय, पडून राहिल्यावर पाठीला जखमा व्हायच्याच, त्यात वृद्धाश्रमाचा काय दोष?’ असा मजकूर फिरतोय. चूक आहे. अगदी शेवटच्या दिवसांत सगळं करूनही कधी शय्याव्रण (पडून राहून होणाऱ्या जखमा) होतात, हे खरं. पण बहुतेक टाळता येतात. माकडहाडावर, टाचांवर सतत दाब राहिला की तिथलं रक्त अडतं. म्हणून साधारण दर 2-3 तासांनी कूस बदलून द्यायची असते.

भेटायला गेलात की पांघरूण सारून टाचा बघा. लालसर डागावर बोट दाबा. फिका पडला नाही, तर जखमेची ती सुरुवात. सावळ्या त्वचेवर लाली लपते, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं का ते चाचपा. त्या जागी तेल मात्र चोळू नका (प्रेमापोटी हमखास चोळतात!), इजा वाढते.