वापर चुकीचा

‘चिमणी ठीक. वापर चुकीचा. गरम तेलात पाणी ओतले जाते.’

सर्व्हिस रिपोर्टवर ‘निरीक्षण’ नावाचा एक रकाना असतो, त्यात हे लिहिलंय. वर माझं नाव, पत्ता, चिमणीचा नंबर आणि खाली हे तीन वाक्यांचं चारित्र्य प्रमाणपत्र. उद्या मोटर जळाली तर कंपनीच्या दफ्तरी मी तेलात पाणी ओतणारा इसम. हो, ओततो. ग्वोत्ये करताना ओतावंच लागतं. उत्तर चीनमधले खानावळवाले पिढ्यान् पिढ्या ओतत आलेत आणि त्यांच्या नावानं कुणी रिपोर्ट फाडल्याचं ऐकिवात नाही.

ग्वोत्ये म्हणजे चिनी डंपलिंगांमधला तो प्रकार, ज्याचं बूड तळून कुरकुरीत झालेलं असतं आणि वरचं अंग वाफेवर शिजून मऊ. दोन्ही एकाच तव्यात. सपाट बुडाच्या तव्यात दोन-तीन चमचे तेल, त्यात डंपलिंगं खेटून मांडायची, बुडं बदामी झाली की त्यांचा तिसरा हिस्सा बुडेल एवढं पाणी ओतायचं आणि त्याच क्षणी झाकण घालायचं. सात-आठ मिनिटांत वरचं शिजतं, पाणी आटतं, मग झाकण काढून उरलेल्या तेलात बूड पुन्हा कडक होऊ द्यायचं. साध्या पाण्याऐवजी मैदा कालवलेलं पाणी ओतलं, तर आटता आटता सगळ्या डंपलिंगांना धरून ठेवणारी सोनेरी जाळी तयार होते. खरी मजा त्या जाळीत आहे. प्रमाण एकास दहा. मैदा एक चमचा, पाणी दहा चमचे. मैदा वाढला की जाळी होत नाही, खळ होते. तिनं भिंतीवर पोस्टरं चिकटवावीत.

व्हिडिओत हे सगळं एक बाई हसत हसत करतात. त्यांचा कोबीही शहाणा असतो. आपला कोबी बारीक चिरून, मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवला की इतकं पाणी सोडतो की याचा पीळ मारता मारता मनगटं निखळतात. पिळला नाही तर ते पाणी पारीतून बाहेर येतं आणि तळताना तोंडावर उडतं. मैदा उकळत्या पाण्यात भिजवायचा. त्यानं स्टार्च फुगतो, मैद्याला चिवट करणाऱ्या ग्लूटेनची ताणाताणी कमी होते आणि लाटलेली पारी परत आक्रसत नाही. (नुसती पाण्यात उकळायची डंपलिंगं असतील तर गार पाण्याचं पीठ घ्यायचं. तिथं पारी चिवट हवी, नाहीतर पातेल्यात सारण वेगळं आणि पारी वेगळी पोहायला लागते.) हे कारण कुणी सांगत नाही. ‘गरम पाणी घ्या’ एवढंच म्हणतात, आणि बोटं भाजतात ती आपली. मग पारीच्या कडा पातळ आणि मध्य जाड ठेवायचा, खिमा, पिळलेला कोबी, पात आणि आलं एकाच दिशेनं फेटायचं, चुण्या एकाच बाजूला घालायच्या. बाईंच्या चुण्या शिवणयंत्रातून निघाल्यासारख्या दिसतात. आमच्या काही डंपलिंगांना चुण्या होत्या, काहींना नुसत्याच चिंता होत्या.

चिमणीवाला ‘सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान’ येणार होता. त्या दरम्यानात माणसानं आंघोळ कधी करायची, हे कंपनी सांगत नाही. पावणेसहा वाजले, म्हटलं आता कुठला येतोय, आणि तवा चढवला. डंपलिंगं मांडून होताहेत तोच बेल वाजली.

दारातच त्यानं विचारलं, ‘मॅडम नाहीत का?’

‘ऑफिसात आहेत.’

‘मग तक्रार कुणाची?’

‘माझी.’

‘तसं नाही सर. चिमणी वापरतं कोण?’

माझ्या अंगात ॲप्रन होता. कोपरापर्यंत मैदा होता. ‘मीच,’ मी म्हटलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. कदाचित आणखी कुणी असेल अशी त्याला आशा होती. ‘बरं,’ म्हणाला, आणि बॅग ओट्यावर, म्हणजे लाटून ठेवलेल्या पाऱ्यांच्या ताटावर ठेवायला निघाला. ताट मी वेळीच ओढलं.

तक्रार अशी होती की चिमणी चालू केली की खर्रर्र असा आवाज येतो. त्यानं बटण दाबलं. चिमणी मुनीसारखी शांत फिरू लागली.

‘आवाज कुठाय?’

‘आत्ता येत नाहीये.’

‘मग मी काय ऐकू?’

‘थांबा की जरा.’

आम्ही दोघं माना वाकड्या करून चिमणीखाली उभे राहिलो. खाली तव्यात बुडं बदामी होत चालली होती. त्याची नजर हळूहळू वरून खाली आली.

‘सर, मोमो?’

‘नाही. ग्वोत्ये.’

‘मोमोच ना.’

‘मोमो वाफवतात. हे खालून तळायचं आणि वरून वाफवायचं.’

‘दोन्ही कशाला? एक काय ते करा.’

मी उत्तर न देता मैद्याचं पाणी उचललं. त्यानं बॅग छातीशी धरली आणि दोन पावलं मागं सरला. ‘सर, सर, सर! तेलात पाणी? गरम तेलात?’

‘असंच करतात.’

‘कोण करतं?’

‘चिनी लोक.’

‘त्यांच्याकडे चिमणी कुठाय पण?’

चीनमध्ये घरोघरी ओट्यावर धूर ओढणारे जबरदस्त हूड असतात, हे मला नंतर आठवलं. योग्य उत्तर मला नेहमी समोरच्याची लिफ्ट खाली गेल्यावर सुचतं. तेव्हा मी शास्त्राकडे वळलो. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं, तिथं त्याची एकदम वाफ होते, वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते आणि ती वरचं तेल उडवून लावते, म्हणून भरल्या कढईत पाण्याचा थेंबही पडू देऊ नये. पण इथं तेल म्हणजे नुसता पापुद्रा आहे आणि माझ्या दुसऱ्या हातात झाकण तयार आहे. त्यानं हे सगळं लक्ष देऊन ऐकलं.

‘बरोबर आहे सर,’ तो म्हणाला. ‘तरी पण नको.’

मी ओतलं. छर्रर्र! झाकण बसलं.

‘हाच का तो आवाज?’

‘हा तव्याचा.’

‘तक्रार आवाजाचीच आहे ना?’

‘चिमणीच्या आवाजाची!’

‘मला तर तव्याचाच येतोय सर.’ आणि त्यानं ते लिहून घेतलं.

आता सात-आठ मिनिटं झाकणाला हात लावायचा नव्हता. मी त्याला बोलण्यात गुंतवायचं ठरवलं. मला वाटतं, जगातली बरीचशी लोककथा अशीच, कुणीतरी झाकण उघडू नये म्हणून, निर्माण झाली असावी. मी त्याला चांग चोंगचिंग या वैद्याची गोष्ट सांगितली. हान राजवटीच्या शेवटी, म्हणजे सुमारे १,८०० वर्षांपूर्वी, हा वैद्य कडाक्याच्या थंडीत गावी परतला. गरिबांचे कान थंडीनं गारठून सडायला आले होते. त्यानं मटण आणि औषधी शिजवून, बारीक करून पिठाच्या पारीत भरलं, तिला कानाचा आकार दिला आणि रश्श्यासकट लोकांना वाटलं. डंपलिंग जन्मलं ते असं, अशी आख्यायिका आहे. काही जण त्याच्या सारणात मिरचीही घालतात. मिरची अमेरिकेतून निघून चीनला पोचली ती १६व्या शतकाच्या अखेरीस, पण गोष्ट सांगणाऱ्याचा हात कोण धरणार?

‘म्हणजे हे कानाचं औषध आहे?’ त्यानं विचारलं.

‘तसं म्हणतात.’

‘आमच्या मिसेसचे कान दुखतात.’

‘थंडीनं?’

‘नाही, माझ्या बोलण्यानं.’

इथं मला तो आवडला. हे नमूद करायला हवं, कारण पुढं आवडण्यासारखं फारसं काही नाही. आवडला म्हणून मी सैल सुटलो आणि तुर्फानवर गेलो. वायव्य चीनमधल्या शिनच्यांगमध्ये तुर्फानजवळच्या अस्ताना थडग्यांत थांग काळातली (६१८–९०७) डंपलिंगं सापडलीत. खरीखुरी, चुण्यांसकट. तिथली हवा इतकी कोरडी की हजारावर वर्षांत त्यांना काही झालं नाही. मी हे सांगत असताना त्यानं स्क्रूड्रायव्हर काढला, झाकणाच्या मुठीत अडकवला आणि झाकण उचललं.

‘बघू तरी,’ तो म्हणाला.

सगळी वाफ एका दमात वर गेली. चिमणीनं ती गिळली. ‘सक्शन एक नंबर आहे सर!’

मी झाकण हिसकावून परत घातलं, पण जे जायचं ते गेलं होतं. पाणी झपाट्यानं आटत होतं, वर मैदा पांढराच होता. पुन्हा पाणी घालावं तर जाळी जाते, न घालावं तर चुण्या कच्च्या राहतात. या पेचावर कुठल्याच व्हिडिओत उपाय नाही, कारण कुठल्याच बाईंच्या स्वयंपाकघरात चिमणीवाला नसतो. मिनिटभरानं, ‘झालं का?’ असं म्हणत त्यानं दुसऱ्यांदा झाकण उचललं. या खेपेला तिरकं. झाकणाच्या आत जमलेलं पाणी तेलात सांडलं आणि तेल उडालं ते थेट त्याच्या बाहीवर. कंपनीच्या नावाच्या बरोबर खाली, दोन डाग.

त्यानं डागाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग रिपोर्ट काढला आणि ‘निरीक्षण’ भरलं.

‘सर, ओटीपी आला असेल बघा.’

ओटीपी फोनमध्ये. फोन अंगठा मागतो, आणि अंगठ्यावर वाळलेला मैदा. मी अंगठा ॲप्रनला पुसला, ॲप्रनवरही मैदा. फोननं मला ओळखायचं साफ नाकारलं. तिकडे तव्यात जाळी सोनेरी झाली, तपकिरी झाली आणि तिथं न थांबता पुढं गेली. गॅस बंद करायला मी वळलो, तर हा मधे उभा. ‘आधी ओटीपी सर, टाइम आउट होतो.’

‘अहो, पण तक्रार मिटली कुठं?’

‘मिटवायची नाही सर, बंद करायचीय.’

आणि पाच स्टार द्या, म्हणाला. चार दिले तर आमचे पैसे कापतात.

इथं मात्र मला हसता येत नाही. पाचपैकी चार म्हणजे शाळेत पहिला वर्ग असायचा. इथं चार दिले की एका माणसाचा घास कमी होतो, आणि तो कमी करणारा मला कधी दिसणार नाही, भेटणार नाही, त्याच्याबद्दल स्टार द्यायची सोय नाही. म्हणजे कंपनीनं माझ्यासमोर माणूस उभा केला आणि स्वतः त्याच्या मागं लपली. तिनं माझ्याबद्दल काहीही लिहावं, त्याला एक रकाना आहे. मी तिच्याबद्दल लिहायला गेलो तर चांदण्या मोजायच्या. ‘ग्राहकाचे म्हणणे’ अशी अर्धी ओळसुद्धा त्या कागदावर नाही. मी पाच दिले. माझ्यावर ‘वापर चुकीचा’ असा शेरा मारल्याबद्दल पूर्ण गुण.

जाता जाता त्यानं तव्यातलं एक डंपलिंग उचललं, फुंकर घालून खाल्लं.

‘वरून कच्चं आहे सर,’ म्हणाला. ‘खालून जळलंय.’

तो गेल्यावर मी दार लावलं, कडी घातली आणि तवा घासून दुसरा घाणा लावला. तेल, बुडं, मैद्याचं पाणी, झाकण. कुणी काही विचारलं नाही. आठव्या मिनिटाला झाकण काढलं, आवाज फसफशीचा जाऊन कोरडा तडतडा झाला, कडेनं जाळी सुटू लागली. तव्यावर ताटली पालथी घातली, फडक्यानं धरून उलटं केलं. जाळी अखंड! उजेडाकडे धरली तर आरपार दिसेल इतकी पातळ. काळं व्हिनेगर, सोया सॉस आणि आल्याच्या काड्या, बस. बायको आली तेव्हा मी ओट्याशी उभ्यानंच खात होतो.

‘अरे, धूर केवढा! चिमणी लावली नाहीस?’

तिनं बटण दाबलं. खर्रर्र.

साडेआठच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला.

‘सर, चिमणीवाला बोलतोय. ते तुम्ही पांढरं पाणी ओतलं ना, त्याच्यात मैदा किती आणि पाणी किती?’

‘रिपोर्टमधलं ते वाक्य काढता येईल का?’ मी विचारलं.

‘ते सिस्टीमला गेलं सर. आता आपल्या हातात नाही.’ मागून कुणीतरी ‘विचारा ना नीट’ म्हणत होतं. तवा तापल्याचा आवाज येत होता. ‘सर? प्रमाण?’

‘एकास तीन,’ मी म्हटलं.