टीव्हीने गटचर्चा संपवली? मुद्द्याला मुद्दा

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सार असं: वर्गात टीव्ही आणि स्मार्टबोर्ड आले नि मुलांचं आपसातलं बोलणं संपलं, स्वीडनने तर स्क्रीन हद्दपारच केल्या, गटचर्चेला खडू-फळा पुरे, आणि हे सगळं शहरी शाळांचं खूळ. मी पाचवीला शिकवते, म्हणून उत्तर देते.

"पडदा लागला की मुलं गप्प होतात." व्हिडिओ लावून बाई वह्या तपासायला बसल्या तर होणारच. पण टीव्हीआधी तरी मुलं कुठे बोलत होती? "समजलं का?" "होऽऽ बाई!" यालाच आपण प्रतिसाद म्हणत आलो. दशांश अपूर्णांक चालू असताना टीव्हीवर एवढंच ठेवून बघा: ०.८ मोठं की ०.३५? उत्तर नको, चित्र नको, संगीत तर नकोच. चार-चार जणांचे गट करा. कोणीतरी छातीठोकपणे सांगणारच, पस्तीस मोठे, आठ लहान, विषय संपला. मग दुसरं कोणी पैशांत मांडतं: ऐंशी पैसे आणि पस्तीस पैसे. इथे खरी जुंपते. प्रश्न सतत समोर असल्यामुळे "बाई, काय विचारलं होतं?" करत कोणी येत नाही आणि बाई गटागटांत फिरायला मोकळ्या. नंतर दोन गटांच्या पाट्यांचे फोटो मोबाइलवरून टीव्हीवर शेजारी शेजारी लावायचे, नावं न सांगता. एक बरोबर, एक चूक. कोणती आणि का, ते वर्गाने भांडून ठरवायचं.

ही युक्ती माझी नव्हे. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर १९९० च्या दशकापासून अशीच पद्धत वापरत आले: पडद्यावर प्रश्न, आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा नोंद. २००९ साली 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास आला. त्यात गटात कोणालाच बरोबर उत्तर माहीत नसतानाही चर्चेनंतर समज सुधारलेली दिसली. पथ्य एकच: पहिल्या फेरीचा निकाल लगेच पडद्यावर झळकवू नये. बहुमत कुठे आहे ते दिसलं की मुलं तिकडे सरकतात आणि चर्चेतला जीव जातो.

स्वीडनचा मुद्दा अर्धाच सांगितलाय. तिथल्या सरकारने २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी पैसे दिले आणि बालवाडीतल्या डिजिटल साधनांच्या सक्तीपासून माघार घेतली. काळजी होती लहान मुलांच्या वाचन-लेखनाची. भिंतीवरच्या एका सामाईक पडद्यावरचा तो निकाल नाही. प्रत्येकाच्या हातात टॅब दिला की चार डोकी चार दिशांना जातात, हे मात्र मलाही पटतं.

खडू-फळा? प्रश्न फळ्यावरही लिहिता येतो. वीज गेली की लिहावाच लागतो. पण एका गटाची पाटी मागच्या बाकापर्यंत दिसेल एवढी मोठी करणं खडूला जमत नाही.

राहिलं शहरी खूळ. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरणारे आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळवणारे रणजितसिंह डिसले तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत शिकवत होते. मुलांकडे फोन नसले तरी अडत नाही. प्लिकर्स नावाच्या ॲपची कार्डं साध्या कागदावर छापायची. मूल कार्डाची जी बाजू वर धरेल ते त्याचं उत्तर, आणि बाईंचा एक फोन अख्ख्या वर्गाची उत्तरं टिपतो. खऱ्या अडचणी दोनच: थकलेलं वीजबिल आणि बाकांच्या रांगा. बिलाचं ग्रामपंचायतीशी बोलावं लागतं. रांगांना काही लागत नाही. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून बसायचं, झाला चौघांचा गट. त्या दोघांची पाठ टीव्हीकडे होते, पण प्रश्न एकदा वाचून झाल्यावर वाद घालताना तेच बरं.