विसावा माणूस

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत शेड घेतलीत, अभिनंदन. वास्तुशांत झाली, पॉवर प्रेसला हार घातला, नारळ फुटला, पेढे वाटून झाले. कामगार कायदा तेवढा राहिला. घाबरू नका. बावीस वर्षं मी या शेडमधून त्या शेडमध्ये पार्टटाइम हिशेब लिहीत हिंडतोय. बँकेपायी बुडालेले मालक पाहिले, मेव्हण्यापायी बुडालेले पाहिले, पण कामगार कायद्यापायी बुडालेला एकही पाहिला नाही.

सगळ्यात आधी एक लक्षात ठेवा, विसावा माणूस ठेवायचा नाही. पीएफ विसापासून लागतो. मशीनवर पूर्वी दहा माणसं असली की 'कारखाना' व्हायचा, आता त्यालाही वीस लागतात; सरकारनं आपणहून सरकून तुम्हाला जागा करून दिलीय, बसा. सत्तावन्न माणसांचं काम असेल तर तीन फर्म काढा. एक तुमच्या नावावर, एक वहिनींच्या, एक सासूबाईंच्या, प्रत्येकीत एकोणीस. लाइटचं मीटर एकच असलं तरी चालतं. आपण प्रेस शॉपच्या प्रोप्रायटर आहोत हे सासूबाईंना कळायची गरज नाही. सही घेताना गॅसच्या सबसिडीचा कागद आहे म्हणायचं. ईएसआय, म्हणजे कामगारांचा आजारपणाचा विमा, आणि ग्रॅच्युइटी मात्र दहापासूनच लागू होते, आणि त्या हिशेबानं सात फर्म कराव्या लागतील. एवढी सासरची माणसं कुणाकडेच नसतात. तेव्हा प्रत्येक फर्ममध्ये नऊ माणसं कायम आणि बाकीची 'आजच आलेली'. हा शब्द जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मस्टर, म्हणजे हजेरीची वही. माझं खरं काम हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मस्टरं दोन ठेवायची. खरं सुपरवायझरच्या खिशात असतं, लांबुडकी वही, पानांना ऑइलचे डाग, कोण किती तास थांबला ते त्यात. दुसरं तपासणीला येणाऱ्या सरकारी साहेबांसाठी. नवशिके इथं मार खातात. महिन्याचं मस्टर एका बैठकीत, एका पेनानं, एकाच वळणात लिहून टाकतात, आंधळ्यालाही कळेल. तीन पेनं घ्यावीत, त्यातलं एक गळकं. पंधरा तारखेच्या आसपास चहाचा कप टेकवावा. दोघातिघांच्या नावापुढं एकेक खाडा टाकावा, नाहीतर महिनाभर कुणाच्या घरी मयत नाही, कुणाला ताप नाही, अशी माणसं जगात असतात का? सगळे नऊला येतात, साडेपाचला जातात, रविवारी घरी असतात. ओव्हरटाइमला कायद्यानं दुप्पट दर आहे. आपल्या मस्टरमध्ये ओव्हरटाइम होतच नाही, त्यामुळं प्रश्न मिटला. रात्री नऊला वडापाव देतो ना आपण.

किमान वेतनाचंही असंच. ते पूर्ण द्यायचं आणि बँकेतूनच द्यायचं, अगदी रुपयाही कमी नाही. एटीएम कार्डं ठेकेदाराच्या ड्रॉवरमध्ये रबर लावून ठेवायची. सात तारखेला पगार जमा, आठ तारखेला ठेकेदार एटीएमवर, वरचे तीन-चार हजार परत तुमच्या गल्ल्यात. पीएफ भरायची पाळी आलीच तर मालकाचे बारा टक्के आणि कामगाराचे बारा टक्के, दोन्ही त्याच्याच पगारातून कापावेत. पैसे त्याच्याच म्हातारपणाला उपयोगी पडणार आहेत, तेव्हा तक्रार कसली?

जुनं रेकॉर्ड मागितलं तर सांगलीकरांना देवानं एक सोय दिली आहे. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. त्या पुरात आपलं 2019 पर्यंतचं सगळं मस्टर वाहून गेलं. कुपवाडला पाणी कुठं आलं होतं, असं एखादा चौकस साहेब विचारेल. दप्तर घरी होतं म्हणायचं, गावभागात. एका मालकानं 2022 चं मस्टरसुद्धा त्याच पुरात घालवलं होतं. त्याला मीच आवरलं.

साहेबांबद्दल मात्र मनात आदर असू द्या. आता ते नुसते निरीक्षक राहिले नाहीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून 29 कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या, आणि निरीक्षकाच्या नावाला शेपूट जोडलं गेलं, 'तथा सुविधाकार'. म्हणजे चूक दाखवायची आणि ती कशी सुधारायची तेही सांगायचं. वेतन संहितेत बऱ्याच चुकांसाठी खटल्याआधी सुधारायची लेखी संधी आहे. आमच्या शाळेत अशी सोय असती तर मी सीए झालो असतो. कामाच्या जागी दिवसा-रात्री केव्हाही, आगाऊ न कळवता शिरायचा निरीक्षकाला अधिकार असावा, हा आंतरराष्ट्रीय करार भारतानं 1949 मध्येच मान्य केलाय. तो आहे तिथं सुखात असू दे. आपल्याकडं साहेब निघाले की आधी चहाच्या टपरीला कळतं.

त्या दिवशी करायचं एवढंच. पॅकिंगच्या बायका मागच्या दारानं शेजारच्या शेडमध्ये. हेल्मेटं माळ्यावरून काढून धूळ झटकायची. आणि 'येथे बालकामगार काम करीत नाहीत' ही पाटी पुसून घ्यायची. आमच्या छोटूला ती पुसायला स्टूल लागतं, म्हणून जरा खाली लावा.

एकाच गोष्टीपासून सावध राहा. शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील मुंबईत हमालांना घेऊन भांडले आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. त्यात हमालाची नोंद मंडळाकडं, मजुरीही मंडळाकडं भरायची, वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के जादा. व्यापाऱ्याच्या हातात वहीच नाही! हळदीच्या पेठेत जाऊन विचारा, शेठ लोक किती हळहळतात ते. असलं काही आपल्या शेडपर्यंत येऊ देऊ नका. वही आपल्या कपाटात आहे तोवर आपण आहोत.

राहता राहिला प्रेस. त्याला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे डाय, वरचा साचा, खाली येताना एकही हात आत राहत नाही. बनवणाऱ्यानं फार विचार केलाय, पण त्यात प्रत्येक पीसमागं दोनेक सेकंद जातात. एका बटणात लाकडी पाचर ठोकली की एक हात मोकळा होतो आणि पीस भराभर पडतात. अशीच पाचर असलेल्या एका शेडमध्ये, नाव कशाला घ्या, मला रात्री साडेअकराला बोलावणं आलं. पोरगा मिरजेच्या दवाखान्यात होता. खऱ्या वहीत तो चौदा महिने कामावर होता. मी तीन पेनं काढली आणि त्याला त्याच दिवशी सकाळी नऊला कामावर घेतला. आजच आलेला. पाचर मालकानं स्वतः काढून फेकली, फरशी पुसून झाली होती.

पंधरा दिवसांनी तो आला, आईला घेऊन. 'सर्व हिशेब मिळाला, तक्रार नाही' असं व्हाउचर तयार होतं. सही कशी करणार म्हणून मालक जरा गोंधळले. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळीच उरली होती. मी स्टॅम्प पॅड पुढं सरकवलं. पुरुषाचा अंगठा डाव्या हाताचाच घेतात, तशी रीत आहे. रीत आम्ही पाळली.