‘२४ ब्रशचा सेट घ्या, खऱ्या केसांचाच घ्या’: या सल्ल्यातली एकेक गोष्ट तपासू

मेकअपच्या ब्रशबद्दलचा एक सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, पण गाभा असा: ‘चांगला मेकअप हवा असेल तर किमान २४ ब्रशचा सेट घ्या. खऱ्या केसांचाच घ्या, सिंथेटिक म्हणजे नुसतं प्लास्टिक. ब्रश जितका मऊ तितका भारी. आणि सारखे धुऊ नका, केस गळतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा धुतले तरी पुष्कळ.’

नव्याने मेकअप शिकणारी मुलगी यावर लगेच विश्वास ठेवते, कारण ऐकायला हे अनुभवाचे बोल वाटतात. पण यातली पहिली तीन विधानं पैसे वाया घालवणारी आहेत आणि चौथं थेट त्वचेवर उठणारं आहे. म्हणून एकेक घेऊन बोलते.

आधी २४ चा आकडा. मोठा सेट उघडून ब्रश ओळीने मांडा आणि केसांचा आकार, लांबी, दाटपणा एवढंच बघा, दांड्यावर काय छापलंय ते नको. आयशॅडोचे तीन-चार ब्रश जवळपास एकसारखे निघतील. एक लिपस्टिकचा, एक पंख्यासारखा पसरट आणि दोन-चार असे, की ते कशासाठी आहेत हे पाकिटावरही नीट लिहिलेलं नसतं. रोज स्वतःचा मेकअप करणारीला काय लागतं? फाउंडेशनसाठी एक दाट केसांचा ब्रश. कन्सीलरसाठी लहान, चपटा किंवा गोल टोकाचा. पावडरसाठी मोठा, मोकळ्या केसांचा. ब्लशसाठी मध्यम, तिरका कापलेला असला तर उत्तम. डोळ्यांसाठी दोन: पापणीवर रंग बसवायला छोटा चपटा आणि कडा विरघळवायला फुगीर. जेल लायनर वापरत असाल तर एक बारीक तिरका. सहा किंवा सात झाले. पुढे वाढवायचाच असेल तर डोळ्यांचा दुसरा फुगीर ब्रश घ्या, म्हणजे गडद रंगाचा ब्रश फिक्या रंगात जाणार नाही.

व्यावसायिक मेकअप आर्टिस्टच्या पट्ट्यात ३०-४० ब्रश दिसतात, हे खरं. पण त्यातले बरेचसे एकाच प्रकारचे असतात, कारण तिला एका दिवसात अनेक चेहरे करायचे असतात आणि प्रत्येक चेहऱ्याला स्वच्छ ब्रश लागतो. तिची गरज तुमची नाही. आणि दांड्यावरच्या क्रमांकांकडे बघून खरेदी करू नका. ते क्रमांक त्या त्या कंपनीचे असतात, सगळ्यांना लागू होणारं कुठलंही प्रमाण त्यामागे नाही.

आता खऱ्या केसांचा मुद्दा. इथे थोडं थांबायला हवं, कारण या दाव्यात अर्धं खरं आहे. प्राण्याच्या केसाच्या पृष्ठभागावर घराच्या कौलांसारखे एकावर एक बारीक खवले असतात. कोरडी पावडर त्यांच्यात धरली जाते आणि चेहऱ्यावर थोडी थोडी सुटते. म्हणून बकरीच्या किंवा खारीच्या केसांचा चांगला ब्रश पावडर आणि ब्लश इतकी हलकी लावतो, की कुठून सुरू झालं आणि कुठे संपलं ते कळत नाही. जपानमध्ये हिरोशिमा प्रांतातलं कुमानो हे गाव ब्रशसाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर आधी सुलेखनाचे, म्हणजे शाईने अक्षरं काढायचे ब्रश करायचे, मग त्याच कौशल्यातून मेकअपचे ब्रश आले. तिथल्या पद्धतीत ब्रशला आकार देण्यासाठी केसांची टोकं कापत नाहीत. केस लाकडी साच्यात बसवून घुमट तयार करतात. केसाचं नैसर्गिक निमुळतं टोक तसंच राहतं आणि म्हणून तो ब्रश बोचत नाही. २०११ मध्ये जपानच्या महिला फुटबॉल संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा सरकारने खेळाडूंना सन्मानासोबत कुमानोचे मेकअप ब्रश दिले होते. इतकी त्या कामाला किंमत आहे.

पण हाच ब्रश फाउंडेशनमध्ये बुडवला की काय होतं? केस द्रव पदार्थ शोषून घेतात. चेहऱ्यावर जायचं ते ब्रशमध्येच मुरतं, केसांचे पुंजके होतात, पट्टे उमटतात, आणि धुताना ते तेल खवल्यांतून लवकर निघत नाही. इथे सिंथेटिक सरस ठरतं. नायलॉन किंवा पीबीटी या पॉलिस्टरचे तंतू गुळगुळीत असतात, द्रव शोषत नाहीत, लवकर धुतले जातात आणि लवकर सुकतात. ‘नुसतं प्लास्टिक’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हेही बघावं, की आजच्या चांगल्या सिंथेटिक तंतूंची टोकं निमुळती केलेली असतात आणि पावडरच्या ब्रशसाठी मुद्दाम नागमोडी तंतू वापरतात, म्हणजे मधल्या पोकळीत पावडर धरली जाते. त्यामुळे क्रीम, लिक्विड, जेल यांच्यासाठी सिंथेटिकच घ्या. पावडरसाठी दोन्हीपैकी कुठलंही चालेल, फक्त चांगलं घ्या. निव्वळ ‘नॅचरल हेअर’ लिहिल्याने दर्जा सिद्ध होत नाही. बकरीच्या केसांतही अंगाच्या भागानुसार कितीतरी प्रती असतात आणि खालच्या प्रतीचा केस गालाला अक्षरशः ओरखडतो.

आणखी एक गोष्ट या सल्ल्यात कोणी सांगत नाही, ती मला सांगावीशी वाटते. बकरीचे केस कातरता येतात, पण खारीचे तसे कातरून मिळत नाहीत. ते तिच्या शेपटीच्या कातड्यावरून येतात. ज्याला कोलिन्स्की सेबल म्हणतात तो महागडा केस सायबेरियन वीझल नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या शेपटीचा असतो. हे माहीत असूनही कोणाला तो घ्यायचा असेल तर तो तिचा निर्णय. पण ‘खरे केस’ म्हणजे निरुपद्रवी, नैसर्गिक काहीतरी, असं समजून कोणी घेऊ नये.

‘जितका मऊ तितका भारी’ हे विधान दुकानात उभं राहून गालावर ब्रश फिरवला की पटतं. पण मऊपणा आणि दाटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काम दाटपणा करतो. अगदी मऊ, विरळ ब्रशने फाउंडेशन लावून बघा: केस वाकतात, फाउंडेशन नुसतं सरकतं, खालचा डाग तसाच दिसतो. दाट ब्रश त्वचेवर दाबून गोल फिरवला की फाउंडेशन बसतं. उलट तोच दाट ब्रश ब्लशमध्ये बुडवला तर गालावर एकदम गडद ठिपका उमटेल, मग तो पुसत बसा. ब्रश बोचायला नको, हे बरोबर. त्यापलीकडे किती मऊ आणि किती दाट हवा, हे त्याने काय लावायचंय त्यावर ठरतं.

ब्रश पारखायचा असेल तर हाताच्या पाठीवर उभा दाबा आणि सोडा. केस पसरून पुन्हा जागेवर यायला हवेत; पसरलेलेच राहिले तर तो टिकणार नाही. मग केसांमधून बोटं फिरवून हलकेच ओढा. नव्या ब्रशचे एक-दोन केस निघाले तर हरकत नाही, पुंजका आला तर परत ठेवा. केस आणि दांडा जोडणारी धातूची नळी असते, तिला फेरूल म्हणतात. ती दोन बोटांत धरून दांडा हलवा. जराही खुळखुळली तरी नको. चांगल्या ब्रशची फेरूल दांड्यावर घट्ट दाबलेली असते, तिथे आडव्या वळ्या दिसतात.

वापरतानाही बरंच काही हातावर असतं. डोळ्यांवरचा रंग विरघळवताना ब्रश फेरूलजवळ धरला की जोर पडतो आणि रंगाचा डाग होतो. दांड्याच्या शेवटाला धरा, दाब आपोआप कमी होतो. ब्रशवर रंग घेतला की एकदा झटका, मगच पापणीकडे न्या.

राहिला धुण्याचा मुद्दा, आणि इथे मला सगळ्यात जास्त आग्रह धरायचाय. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संस्था दर ७ ते १० दिवसांनी ब्रश धुवायला सांगते. कारण उघड आहे: ब्रशमध्ये फक्त मेकअप नसतो, त्वचेचं तेल, घाम आणि मृत पेशीही असतात, आणि जंतूंना तेवढं पुरतं. २०१९ मध्ये ब्रिटनच्या ॲस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी वापरातली ४६७ सौंदर्यप्रसाधनं तपासली. त्यात मेकअपचे स्पंजही होते. त्या स्पंजांपैकी ९३ टक्के कधीच धुतलेले नव्हते आणि बहुतेक वापरातल्या वस्तूंवर जंतू सापडले. हा आकडा ब्रशचा नसून स्पंजचा आहे, पण फाउंडेशनचा ओलसर ब्रश त्याहून फार वेगळ्या परिस्थितीत नसतो. म्हणून क्रीम-लिक्विडचे ब्रश आठवड्याला धुवाच. फक्त पावडरचा ब्रश थोडा उशिरा धुतला तर चालेल.

मग ‘धुतल्याने केस गळतात’ ही समजूत आली कुठून? केस गळतात, पण चुकीच्या पद्धतीने धुतल्याने. फेरूलच्या आत केस गोंदाने धरलेले असतात. ब्रश पाण्यात बुडवून ठेवला, गरम पाणी वापरलं किंवा ओला ब्रश पेल्यात उभा ठेवला, की पाणी आत उतरतं, गोंद सुटतो, लाकडी दांडा फुगतो. म्हणून टोक खाली ठेवून कोमट धारेखाली फक्त केस भिजवा. तळहातावर सौम्य शाम्पूचा थेंब घेऊन हलके गोल फिरवा. दाट ब्रशमधून पहिल्यांदा मातकट पाणी निघेल, दुसऱ्यांदा फिकं, मग स्वच्छ; तोवर सोडायचं नाही. बोटांनी केसांच्या दिशेने पाणी निपटा, आकार द्या आणि केसांचा भाग टेबलाच्या कडेबाहेर राहील असा आडवा ठेवा. ड्रायर नको. मोठ्या दाट ब्रशला सुकायला रात्र लागू शकते, घाई करू नका.

अल्कोहोलचा स्प्रे मारला की धुण्याची गरज नाही, असंही काही जणी लिहितात. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल जंतू मारतं हे खरं, पण आत साठलेलं तेल आणि फाउंडेशन तिथेच राहतं, आणि प्राण्याचे केस त्याने रखरखीत होतात. दोन धुण्यांच्या मधे स्प्रे वापरा, धुण्याऐवजी नको.

डोळे आले असतील तर त्या काळात डोळ्यांचे ब्रश वापरूच नका, आणि बरे झाल्यावर धुतल्याशिवाय तर अजिबात नको. एरवीही कोणी कितीही जवळची असो, डोळ्यांचा ब्रश उसना देऊ-घेऊ नका. धुऊन पूर्ण सुकल्यावरही वास राहत असेल, फेरूल हलत असेल किंवा केस बोचायला लागले असतील, तर तो ब्रश टाकून द्या आणि तेवढा एकच नवा घ्या.