भाड्याने द्यायला पहिलं घर घ्यायचंय? मग त्याच घरात राहायला जा

तिशीतली मुलंमुली हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारतात. "ताई, आधी राहायला घर घेऊ, की लांब कुठेतरी स्वस्तात फ्लॅट घेऊन तो भाड्याने देऊ आणि आपण भाड्यानेच राहू?" याचं माझं उत्तर ठरलेलं आहे, आज ते सविस्तर लिहिते. जमत असेल तर खाली-वर दोन बिऱ्हाडं स्वतंत्र राहू शकतील असं जुनं रो हाऊस किंवा छोटा बंगला बघा. एका मजल्यावर स्वतः राहा, दुसरा भाड्याने द्या. आम्ही पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला हेच केलं. खाली आम्ही चौघं, वर भाडेकरू. पुन्हा घ्यायची वेळ आली तरी असंच घर घेईन.

पण एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण इन्स्टाग्रामवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून बरेच जण चुकीची अपेक्षा घेऊन येतात. "भाडेकरूच आपला हप्ता फेडतो" हे आपल्याकडे होत नाही. नवीन कर्जावर तर नाहीच. आपल्या शहरांत वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या तीन-चार टक्क्यांच्या आसपास येतं आणि गृहकर्जाचा दर त्याच्या दुपटीच्या आसपास असतो. समजा घर ९० लाखांचं आहे. ७० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता ६०,७५० रुपयांच्या घरात जातो. वरच्या मजल्याचं भाडं १५,००० आलं, तर तो झाला हप्त्याचा चौथा हिस्सा. पहिल्या वर्षी तुम्ही सव्वासात लाख भराल, त्यातले जवळजवळ सहा लाख नुसतं व्याज असेल. हे आकडे कागदावर मांडून नवरा-बायकोने समोरासमोर बसून बघावेत, मगच टोकन द्यावं.

मग तरीही असं घर घ्या असं मी का म्हणते? कारण लांबच्या दुसऱ्या फ्लॅटशी तुलना केली की चित्र बदलतं. तिथे हप्ता वेगळा, स्वतःच्या घराचं भाडं वेगळं, सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा. भाडेकरू गेला आणि दोन महिने जागा रिकामी राहिली, तर तिन्ही खर्च एकदम अंगावर येतात. खाली-वर घरात आपलं स्वतःचं भाडं वाचतं, वरचे १५,००० येतात आणि जागा रिकामी पडली तरी डोक्यावर छप्पर आपलंच असतं. शिवाय ते घर पुढे गरजेप्रमाणे वापरता येतं. आई-वडील थकले की त्यांना वर आणता येतं, किंवा त्यांना जिना झेपत नसेल तर आपण वर जाऊन त्यांना खाली ठेवता येतं. दूरच्या टॉवरमधला अकराव्या मजल्यावरचा वन बीएचके यातलं काही करू शकत नाही.

सुरुवातीला किती रोकड लागते, याचा बहुतेकांचा अंदाज कमी पडतो. ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा घातली आहे आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी धरत नाहीत. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, खरेदीदार फक्त महिला असेल तर १ टक्का कमी. नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. म्हणजे ९० लाखांच्या घराला १८ ते २० लाख पदरचे, त्यावर मुद्रांक आणि नोंदणीचे सहा लाख साठ हजार, आणि जुनं घर म्हटलं की गच्चीचं वॉटरप्रूफिंग, वायरिंग, नळ हे आलंच. बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर ९०,००० वाचतात, पण हप्ता नवरा भरणार असेल तर मालकीत नाव नसल्याने त्याला व्याजाची करसवलत मिळत नाही. हा हिशोब आपापल्या सीएकडून करून घ्या. घर बाईच्या नावावर असावं असं माझं मत आहे आणि ते करापुरतं नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं, ते म्हणजे कागद. खाली-वर घरं स्वस्त दिसतात तिथे बहुतेक वेळा कागदात काहीतरी अडकलेलं असतं. धायरी, नऱ्हे, आंबेगाव, वडगाव या पट्ट्यात शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पडून त्यावर घरं उभी राहिली. सांगली, संभाजीनगर, सगळीकडे हीच कथा आहे. यासाठी २००१ साली गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. सोय झाली म्हणजे तुम्ही बघताय ते घर नियमित झालंच असं नाही. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र प्रत्यक्ष हातात घेऊन वाचा. "फाइल टाकलीय, होऊन जाईल" या वाक्यावर एक रुपयाही देऊ नका.

दुसरा सापळा वरच्या मजल्याचा. तळमजल्याला परवानगी असते आणि पहिला मजला नंतर मिस्त्रीला सांगून चढवलेला असतो. आपल्याला भाडं येणार ते नेमकं याच मजल्यावरून! मंजूर नकाशा मागा, टेप घेऊन जा आणि खोल्या मोजून जुळवा. भोगवटा प्रमाणपत्रात, म्हणजे इमारत राहायला वापरण्याच्या परवानगीत, दोन्ही मजले आहेत का ते बघा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, एनए (बिगरशेती) ऑर्डर, आधीची खरेदीखतं आणि किमान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) वकिलाकडून घ्या. हा वकील आपण नेमलेला असावा, एजंटने सुचवलेला नको. राष्ट्रीयीकृत बँक कर्ज द्यायला तयार नाही आणि फक्त जास्त दराची वित्तसंस्थाच तयार आहे, यातच बरंचसं उत्तर मिळतं. आम्ही आवडलेली दोन घरं याच कारणाने सोडली. त्यातलं एक तर अगदी मनात भरलं होतं, दारात बकुळ होती.

घर बघताना मी सगळ्यांना आधी जिना बघायला सांगते. जिना बाहेरून हवा. हॉलमधून वर जाणारा जिना असेल तर ते एकाच कुटुंबाचं घर आहे, त्यात भाडेकरू ठेवलात तर सहा महिन्यांत दोघंही कंटाळतील. वर स्वतंत्र ओटा, स्वतंत्र संडास-बाथरूम, कपडे वाळत घालायला स्वतःची जागा हवी. वीजमीटर वेगळा घ्याच. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो. एकाच मीटरवर दोन बिऱ्हाडं चालली की युनिट ३०० च्या पुढे जातात आणि वरच्या टप्प्याचा दर लागतो. मग सबमीटरचं रीडिंग काढून दर महिन्याला "आमचं एवढं कसं?" हा संवाद सुरू होतो. पाण्याच्या टाक्याही वेगळ्या ठेवा. उन्हाळ्यात टँकर आला की कोणाच्या टाकीत किती पडलं यावरून चांगली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात.

भाडेकरू ठेवायचा विषय निघाला की घरातली मोठी माणसं घाबरतात. "जागा बळकावली तर?" माझे सासरेही हेच म्हणाले होते. ही भीती हवेतून आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली, आणि पुण्यातल्या पेठांतल्या वाडामालकांना पिढ्यान्‌पिढ्या दहा-वीस रुपये भाड्यावर वाडे सांभाळावे लागले. तिकडे गळकं छप्पर दुरुस्त करायला मालकाकडे पैसा नाही, इकडे भाडेकरू जागा सोडत नाही, अशा भांडणांत वाडे पडले. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना दोष देता येत नाही.

पण आजचा कायदा वेगळा आहे, आणि घराघरांत तो समजावून सांगितला जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. लिव्ह अँड लायसन्स कराराची (ठरावीक काळ राहायची नुसती परवानगी देणारा करार) मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल, तर मालकाला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं बसावं लागत नाही. याच कामासाठी नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने मागता येते. अट एकच: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठं म्हणजे, लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकाने ते खोटं ठरवेपर्यंत.

"अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला, नोटरी पुरे" हे वाक्य मी वकिलांच्या तोंडूनही ऐकलंय. महाराष्ट्रात ते चालत नाही. मुदत कितीही असो, नोंदणी लागते. खर्च किती? १५,००० भाडं, ३०,००० डिपॉझिट, ११ महिने धरले तर मुद्रांक शुल्क सव्वाचारशे रुपयांच्या आसपास, शहरी भागात नोंदणी फी १,००० आणि ऑनलाइन हाताळणीचे ३००. घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर काम होतं. दोन हजारांच्या आत मिळणारं हे संरक्षण सोडून लोक लाखोंची जागा बंद ठेवतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये एक कोटी दहा लाखांहून जास्त घरं रिकामी सापडली होती. त्याच शहरांत पोरं कॉटबेसिसवर चार-चार जण एका खोलीत राहतात. करार झाला की पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही ऑनलाइन भरून टाका, ती पावती जपून ठेवा.

कराचं थोडक्यात. भाडं बँकेत घ्या आणि विवरणपत्रात दाखवा, लपवायची गरजच पडत नाही. आयकरात राहता मजला आणि भाड्याचा मजला वेगवेगळे धरले जातात. नव्या कररचनेत राहत्या भागाच्या व्याजावर काही मिळत नाही, पण भाड्याच्या भागाच्या उत्पन्नातून आधी भरलेला मिळकतकर, मग ३० टक्के सरसकट वजावट आणि मग त्या भागाच्या वाट्याचं व्याज वजा होतं. वरच्या उदाहरणात वर्षाचं भाडं १ लाख ८० हजार. ३० टक्के गेले की उरले १ लाख २६ हजार, आणि निम्म्या घराचं व्याज त्याच्या दुपटीहून जास्त. सुरुवातीची बरीच वर्षं भाड्यावर कर शून्य. महापालिकेकडे मात्र ध्यानात ठेवा: पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात मिळणारी ४० टक्क्यांची सवलत भाड्याने दिलेल्या भागाला नाही.

एका छपराखाली राहण्याबद्दल कमी बोललं जातं, आणि मला तर तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मालक खाली राहतो तेव्हा गळणारा नळ त्याच दिवशी कळतो, स्लॅबची ओल पहिल्या पावसात दिसते. घर टिकतं. पण त्याच कारणाने मालकाला खोड लागते ती डोकावण्याची. कोण आलं, किती वाजता आलं, कोणाची गाडी लागली. वरच्या जिन्यावर पाय वाजला की कान टवकारायचे नाहीत, हे मी स्वतःशी ठरवलंय. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडे कायद्यात निवासी जागेचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको आणि मालकाने आत यायच्या आधी २४ तास कळवावं असं सुचवलेलं आहे. आमच्या करारात या दोन्ही अटी आहेत. किल्ली माझ्याकडे असते, वापरायची वेळ आली ती विचारूनच. मासिक भाड्याच्या बदल्यात ती जागा त्यांचं घर झालेली असते, आपण तिचे मालक असलो तरी.

आमच्याकडे लातूरहून आलेल्या दोन नर्स राहून गेल्या, त्यांच्या नाइट ड्युट्या असायच्या. रात्री अकराला निघायच्या, सकाळी नऊला यायच्या. शेजारच्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन "मुली कशा आहेत, बघून घे हो" असं सांगितलं. मी त्यांना म्हटलं, काकू, तुम्ही ॲडमिट व्हाल तेव्हा रात्री अशीच मुलगी तुमच्या उशाशी उभी असेल. त्या मुली गेल्या तेव्हा माझी धाकटी दोन दिवस रुसून बसली होती.

आणि एजंट. वरचा मजला रिकामा झाला की त्याचा फोन येतो: "मॅडम, कोण चालेल? व्हेज-नॉनव्हेज? बॅचलर नको ना? आडनाव बघूनच पाठवतो." जागेला डिमांड असली की हे प्रश्न वाढत जातात. आपल्यापैकी कितीतरी जण गावाहून या शहरात आलो तेव्हा याच प्रश्नांना तोंड देत खोली शोधत फिरलो आहोत, आणि आज चावी आपल्या हातात आहे. आमच्या एजंटला मी लिहूनच दिलंय की विचारायच्या गोष्टी तीनच: काम काय करता, किती जण राहणार, आणि नोंदणीकृत करार करायची तयारी आहे का. आडनाव करार टाइप करतानाच विचारायचं.