एनिसची इमर्जन्सी उघडली की लिमरिकची गर्दी संपणार? कशी, ते सांगा ना

आयर्लंडमधल्या क्लेअर काउंटीत राहणाऱ्या आपल्या मंडळींत दर हिवाळ्यात एक मेसेज फिरतो: "सरकारने २००९ ला पैसे वाचवायला एनिसचं हॉस्पिटल बंद पाडलं, ते परत सुरू करा, लिमरिकची गर्दी एका रात्रीत संपेल." एनिस म्हणजे क्लेअरचं मुख्य गाव, आणि लिमरिक हे शेजारचं शहर, जिथल्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आता सगळ्यांना जावं लागतं. राग रास्त आहे, पण मुद्दे घेऊन बघू.

हॉस्पिटल बंद नाहीये हो. चोवीस तासांची इमर्जन्सी गेली. आजही सकाळी ८ ते रात्री ८ इंज्युरी युनिट चालतं, पोराचं मनगट मोडलं, बोट कापलं, टाके घालायचेत, सरळ जा, जीपीची (फॅमिली डॉक्टरची) चिठ्ठी किंवा मेडिकल कार्ड (सरकारचं मोफत उपचारांचं कार्ड) यातलं काहीच नसेल तर ७५ युरो. पोर पाच वर्षांच्या आतलं असेल तर घेत नाहीत, आणि छातीत दुखत असेल तर तिकडे गाडी वळवूच नका, ९९९ लावा. शिवाय मेडिकल असेसमेंट युनिट आहे, म्हणजे आजारी पेशंट तपासून पुढचं ठरवणारा विभाग, तिथे जीपी पाठवतो, आणि २०२३ पासून ठरावीक पेशंट ॲम्ब्युलन्सही तिथेच नेते.

पैसे वाचवायला? मंदीचं साल होतं, संशय येणारच. पण हिक्वा, म्हणजे आरोग्यसेवेवर नजर ठेवणारी संस्था, तिने त्याच वर्षी एनिसचा चौकशी अहवाल दिला, कॅन्सरचं निदान चुकल्याच्या केसेसवरून चौकशी लागली होती, आणि निघालं काय तर इतक्या कमी पेशंटवर चोवीस तासांची इमर्जन्सी आणि मोठी ऑपरेशन्स तिथे सेफ नाहीत. वर्षाकाठी मोजकीच मोठी ऑपरेशन्स होतात तिथे रात्री दोन वाजता पोट उघडून घ्यायला मी तरी जाणार नाही.

आता मुख्य घोळ. लिमरिकमध्ये ट्रॉलीवर जे पडलेले असतात ना, त्यांना डॉक्टरने तपासलेलं असतं, ॲडमिट करायचं ठरलेलं असतं, वॉर्डात खाट नसते म्हणून ते ट्रॉलीवरच अडकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका दिवशी असे १५० होते! म्हणजे अडलंय ते खाटेपाशी, दारापाशी नाही. एनिसला नुसतं दार उघडून मागे खाटा, आयसीयू, रात्रभर भूलतज्ज्ञ, सर्जन नसतील तर तोच पेशंट ॲम्ब्युलन्सने परत लिमरिकलाच जाणार, वर दोन तास वाया.

सरकारला झोडायचंच तर इथे झोडा. २००९ ला एनिस आणि नीना (उत्तर टिपररीतलं गाव) दोन्हीकडची चोवीस तासांची इमर्जन्सी गुंडाळली, पुढे लिमरिक शहरातल्या सेंट जॉन्स हॉस्पिटलचीही, आणि क्लेअर, लिमरिक, उत्तर टिपररी मिळून चार लाखांवर माणसं एकट्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या गळ्यात टाकली. लिमरिकची क्षमता आधी वाढायला हवी होती. नवीन इमर्जन्सी विभाग आला २०१७ ला, ९६ खाटांचा ब्लॉक उघडता उघडता २०२५ उजाडलं. आधी लग्न, मग मांडव!

अंतराचं मात्र मेसेजवाल्यांचं शंभर टक्के खरं. क्लेअरच्या पश्चिम टोकाच्या किलकी गावाहून लिमरिक म्हणजे जवळपास ९० किलोमीटर, त्यात एनिसपर्यंतचा रस्ता साधाच. २०२५ मध्ये हिक्वाने तीन पर्याय मांडले: लिमरिकचं हॉस्पिटल आहे त्याच जागी वाढवा, जवळच दुसरा कॅम्पस काढा, नाहीतर या भागात दुसरी इमर्जन्सी असलेलं नवं हॉस्पिटल उभारा. पहिल्या दोन्हींनी खाटा लवकर मिळतील, तिसऱ्याला वर्षं लागणार. मला विचाराल तर खाटा आधी, पण तिसऱ्यासाठी जागा बघायला आजच लागा, आणि ती क्लेअरमध्ये बघा.