हो, आम्ही हैदराबाद पाहून आलो

आज सकाळी बियाणं घ्यायला तालुक्याला गेलो होतो. कृषी केंद्रात उधारीचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात मागून एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "उधारी कायले मांगता बाप्पा? फेब्रुवारीत तं चारमिनारसमोर फोटो काढत होते सहकुटुंब!" चारपाच जण हसले. मी काही बोललो नाही. पिशव्या गाडीला बांधल्या आणि घरी आलो. पण दिवसभर पेरणीच्या तयारीत हात होते आणि डोकं तिथंच अडकलं होतं. म्हणून आता जेवण झाल्यावर लिहायला बसलो.

हो, गेलो होतो. मी, बायको, पोरगी आणि माय. बाबा घरी थांबले, कारण म्हैस दुसऱ्या कोणाला कासेला हात लावू देत नाही. आदिलाबादवरून रात्रीची बस, दोन मुक्काम, पहिल्या दिवसाच्या भाकरी आणि जवसाची चटणी घरून बांधलेली. माझी माय 62 वर्षांची आहे. त्याआधी ती पंढरपूरच्या पुढं कुठं गेली नव्हती. आणि मागची चाळीसेक वर्षं निंदण आणि कापूस वेचणं एवढंच. बोंडाच्या टोकांनी तिच्या नखांच्या कडा कायम फाटलेल्या असतात, तुम्ही सगळ्यांनी आपापल्या घरी ते हात पाहिलेच आहेत.

त्या हातांची गोष्ट सांगतो. गोवळकोंड्याला फतेह दरवाजा आहे. त्याच्या घुमटाखाली ठरलेल्या जागी उभं राहून टाळी वाजवली की ती वर गडाच्या माथ्यावरच्या बाला हिसारला, म्हणजे जवळपास एक किलोमीटरवर ऐकू येते. खाली कोणी आलं तर वर खबर लागावी म्हणून बांधतानाच तशी सोय केलेली. मायचे गुडघे दुखतात, पायऱ्या साडेतीनशेच्या वर. ती म्हणाली, "तुम्ही जा, मी अन् सून खालीच थांबतो." मी पोरीला घेऊन वर गेलो, धापा टाकत पोचलो आणि बायकोला फोन लावला, म्हटलं मायला टाळी वाजवायला सांग. खाली सहलीच्या पोरांच्या टाळ्या चाललेल्याच होत्या, त्यात तिची कोणती ते कसं कळणार? आणि मग एकदम कळलं. ती हरिपाठाची टाळी वाजवत होती. रोज संध्याकाळी देवळात वाजवते तीच चाल, तोच थांबा. पोरगी ओरडली, "आजीची हाय ते!"

मला तिथं रडू आलं. सांगायला लाज नाही.

आता कर्जाचं. ज्यांना वाटतं कर्ज असलेल्या माणसाने गाव सोडू नये, त्यांनी जरा इतिहास ऐकावा. ज्या निजामांचा चौमहल्ला राजवाडा पाहायला लोक तिकीट काढतात, त्या घराण्यावरही कर्ज होतं. इंग्रजांच्या देखरेखीतल्या फौजेचा खर्च थकला, म्हणून 1853 मध्ये आपला वऱ्हाड त्यांनी इंग्रजांच्या हवाली केला. आपल्या पणज्यांच्या काळ्या मातीचा महसूल त्या थकबाकीपायी गेला. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड म्हणायचे ना, ती अशी वापरली गेली. मग वऱ्हाडाचा कापूस हैदराबादच्या कर्जाला चालतो, आणि वऱ्हाडातली बाई हैदराबाद पाहायला गेली की हिशेब विचारता?

नोकरदाराला सहलीसाठी रजा मिळते, सरकारी असेल तर भाडंही मिळतं, त्याला कोणी विचारत नाही. मिळू दे, माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या घरातल्या बाईने जन्मभर बांधावर बसूनच डबा खावा, हे कोणी ठरवलं?

बरं, चार हजार हातउसने घेतले होते, हे खरं आहे. कापसाचे पैसे आल्यावर फेडले. पोरीची तीन दिवस शाळा बुडाली, तेही खरं. पण सालारजंग संग्रहालयात दर तासाला घड्याळातून छोटा माणूस बाहेर येऊन ठोके देतो, त्यासाठी ती पाऊण तास जागा धरून बसली होती. घरी आल्यावर वहीत तिने चारमिनार काढला, खाली 1591 लिहिलं. हे तिला कोणी पाठ करायला लावलं नव्हतं.

चारमिनारजवळच्या लाड बाजारात मायने लाखेच्या बांगड्या घेतल्या, हिरव्या, खड्यांच्या. भाव करताना तिला तेलुगू येत नव्हतं, दुकानदाराला वऱ्हाडी येत नव्हतं, तरी साठ रुपये कमी करून घेतले तिने! वावरात फुटतील म्हणून घालत नाही, डब्यात कापसात गुंडाळून ठेवल्या आहेत. पाहुण्या बायका आल्या की डबा निघतो आणि मग टाळीची गोष्ट. आता तर ती सांगते की दक्षिणेच्या मोहिमेवर जाताना 1677 मध्ये शिवाजी महाराज इथं कुतुबशहाला भेटले होते, "म्या वाजवली ना टाळी, त्याच गावात."

त्या गृहस्थांवर सकाळी फार राग होता. लिहिता लिहिता उतरला थोडा. त्यांची आईसुद्धा आमच्या मायसोबत मजुरीला यायची, मला आठवतं. ती बाई काहीच न पाहता गेली. कदाचित तेच त्यांना कुठं तरी टोचत असेल, मला माहीत नाही.

मगाशी मायला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "इजापूरले मोठा घुमट हाय म्हणे. तिथं टाळी वाजवली का ते वापस येते, लय खेपा. खरं हाय का रे?"

म्हटलं, खरं आहे. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन पहिला वेचा घरात आला की जाऊ.